पासाडेनाची ट्रिप : रोझ बोल, प्लेऑफ आणि आमच्या घरातलं भांडण

२६ डिसेंबर २०२३, मंगळवार, डेट्रॉईट

ट्रिप खरी गुरुवारी सुरू होणार होती, पण भाचा सुट्टीत आमच्याकडे नोव्हीला येऊन पडला होता आणि घरात बसून बसून कंटाळला, म्हणाला मामा चल ना फोर्ड फील्डला, क्विक लेन बोल आहे, तिकीट पण स्वस्त मिळतंय. हा अ‍ॅन आर्बरला मिशिगन युनिव्हर्सिटीत शिकतो, त्यामुळे कॉलेज फुटबॉल म्हणजे त्याचा श्वास, आणि मीपण इथे राहून राहून त्यात ओढला गेलोच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, हे अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचं वालं, आणि कॉलेजच्या पोरांच्या मॅचला इथे तोबा गर्दी असते, अ‍ॅन आर्बरच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांच्या वर माणूस बसतं.

तर बोल गेम म्हणजे काय, की नेहमीचा सीझन संपला की डिसेंबर-जानेवारीत वेगवेगळ्या गावांत एकेक मॅच ठेवतात, चाळीसच्या वर आहेत, प्रत्येकीचा स्पॉन्सर वेगळा, कोणी गाड्यांचे टायर बदलणारा, कोणी मेयोनीजवाला, आयडाहोमध्ये तर बटाट्याच्या नावाचा बोल आहे. त्यात खेळायला १२ पैकी ६ मॅच जिंकलेल्या लागतात. यंदा झालं असं की बोल जास्त आणि सहा जिंकलेल्या टीम कमी, मग उरलेली जागा भरायला पोरांची अभ्यासातली प्रगती बघतात, आणि त्या हिशोबात ५ जिंकून ७ हरलेलं मिनेसोटा आत आलं. मला हे भारी आवडलं. अभ्यासावर खेळातलं सिलेक्शन, आपल्याकडच्या आईबापांचं स्वप्नच की.

समोर ओहायोतलं बोलिंग ग्रीन. बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. भाचा सुरुवातीपासून कुरकुरत होता की मामा ह्या मॅचला अर्थ काय, जिंकून मिळणार काय ह्यांना. पण मिनेसोटाकडून डॅरियस टेलर म्हणून फर्स्ट इयरचं पोरगं पळत होतं, ते निघालं आमच्या शेजारच्या वॉल्ड लेकचं, मधे दुखापतीमुळे बऱ्याच मॅच बाहेर बसलं होतं, आणि इथे घरच्या गावात येऊन २०८ यार्ड पळालं, ३०-२४ जिंकून दिलं. आमच्या मागच्या रांगेत त्याच्या शाळेचे स्वेटशर्ट घातलेली मंडळी बसलेली, त्यांचा आरडाओरडा ऐकून भाचा पण शेवटी उभा राहिला. बाहेर पडताना परत म्हणालाच, तरी अर्थ काही नाही.

२८ डिसेंबर, गुरुवार, विमान

आता आम्ही का चाललो ते. मिशिगन यंदा १३-०, म्हणजे तेराच्या तेरा जिंकलेलं, नंबर एक, आणि चार टीमच्या प्लेऑफची, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या बाद फेरीची, त्यांची सेमीफायनल १ जानेवारीला कॅलिफोर्नियात पासाडेनाच्या रोझ बोलमध्ये, समोर अलाबामा. बायकोचा थोरला भाऊ, आमचा दादा, तिथे जवळच सेरिटोसला राहतो, म्हणजे राहायचा खर्च शून्य, भाच्याला स्टुडंट तिकीट मिळालं, आमची दोन रीसेलवर घेतली, किंमत विचारू नका, बायकोला खरा आकडा मी अजून सांगितलेला नाही.

डेट्रॉईटच्या गेटवर निम्मी पब्लिक पिवळ्या-निळ्या कपड्यांत. टीव्हीवर ऑरलँडोचा पॉप-टार्ट्स बोल लागला होता, कॅन्सस स्टेट विरुद्ध नॉर्थ कॅरोलिना स्टेट, तो अर्धवट सोडून विमानात बसलो. उतरल्यावर फोन चालू केला तर जग त्याच मॅचबद्दल बोलतंय, आणि स्कोअरबद्दल नाही हां, मॅस्कॉटबद्दल. स्ट्रॉबेरी पॉप-टार्टचा (टोस्टरमध्ये गरम करून खायचा गोड खाऊ) वेश घातलेला माणूस मॅच संपल्यावर नाचत नाचत एका प्रचंड टोस्टरमध्ये उतरला, खालून खराखुरा खायचा भलामोठा पॉप-टार्ट बाहेर आला, आणि जिंकलेल्या कॅन्सस स्टेटच्या पोरांनी तो हाताने तोडून तोडून खाल्ला. दादा आम्हाला घ्यायला आला होता, गाडीत बसेपर्यंत त्याने तो व्हिडिओ आम्हाला दाखवून झाला होता. म्हणाला, "बघा, प्लेऑफमध्ये कधी बघायला मिळणार का हे?"

आणि तिथून बोल मोठे की प्लेऑफ हे जे भांडण सुरू झालं ते परत विमानात बसेपर्यंत.

२९ डिसेंबर, शुक्रवार, सेरिटोस

सकाळी आर्टेशियाला पायोनियर बुलेव्हार्डवर खरेदी. साड्या, मिठाया, फाफडा, भाजी, सगळं एका रस्त्यावर. बायको आणि वहिनी दुकानात, आम्ही तिघं बाहेर चहा पीत फुटबॉलवर.

दादा नव्वदच्या दशकात यूएससीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियाला, मास्टर्स करायला आला आणि कायमचा इथलाच झाला. त्याचं म्हणणं जुन्या लोकांचं म्हणणं आहे. रोझ बोल सगळ्यात जुना, पहिला १ जानेवारी १९०२ ला झाला, फुलांच्या परेडला पैसे उभे करायला म्हणून, आणि त्यात मिशिगननेच स्टॅनफर्डला ४९-० असं धुतलं, मॅच पूर्ण व्हायच्या आधीच स्टॅनफर्डने हात टेकले. आयोजकांनी एवढी धास्ती घेतली की पुढची बरीच वर्षं फुटबॉलच बंद, रथांच्या शर्यती वगैरे लावल्या, १९१६ ला परत फुटबॉल आला. मग १९४७ च्या मॅचपासून ठरलं की एका बाजूने मिडवेस्टच्या बिग टेन कॉन्फरन्सचा, म्हणजे आपसात खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाचा, विजेता आणि दुसऱ्या बाजूने पश्चिम किनाऱ्याचा विजेता. बास. मिडवेस्टवाल्यांचं सगळं वर्ष एका गोष्टीसाठी, की आपण जिंकलो तर बर्फातून उठून १ जानेवारीला कॅलिफोर्नियाच्या उन्हात जायचं. दादा म्हणतो ह्यात नंबर एक कोण हा प्रश्नच महत्त्वाचा नव्हता, पासाडेनाला कोण गेलं एवढंच.

भाचा म्हणे "मग तुमचं २००३ काय?"

हा दादाच्या वर्मावर घाव होता. त्याचं असं आहे, की इथे टीम १३० च्या आसपास, प्रत्येकाच्या मॅच बारा-तेरा, सगळे सगळ्यांशी खेळणं शक्यच नाही, म्हणून कित्येक वर्षं नंबर एक ठरायचा मतांवर, पत्रकारांचं एक मतदान, कोचेसचं दुसरं. दोघांचं जुळलं नाही की चॅम्पियन दोन. १९९७ ला मिशिगन सगळ्या मॅच जिंकलं, रोझ बोलमध्ये वॉशिंग्टन स्टेटला २१-१६ हरवलं, पत्रकार म्हणाले मिशिगन. नेब्रास्का पण सगळ्या जिंकलं, ऑरेंज बोलमध्ये टेनेसीला ४२-१७ फोडलं, कोचेस म्हणाले नेब्रास्का. ह्या दोघांना समोरासमोर आणायची सोयच नव्हती कारण मिशिगनला करारानुसार पासाडेनाला जाणं भाग. पुढच्याच वर्षी बीसीएस आलं, कॉम्प्युटर आणि मतदान मिळून पहिले दोन काढायचे आणि त्यांची मॅच लावायची, आता म्हणे वाद संपला. तर २००३ ला मतदानात नंबर एक असलेलं यूएससी कॉम्प्युटरच्या आकडेमोडीत तिसऱ्यावर गेलं. ते रोझ बोलला आले, आमच्याच मिशिगनला २८-१४ हरवलं, आणि तिकडे न्यू ऑर्लिन्सला लुइझियानाच्या एलएसयूने ओक्लाहोमाला हरवून दुसरा कप घेतला. दादा त्या मॅचला स्टेडियममध्ये होता.

"म्हणजे ह्या टेबलावर दोन घराणी बसली आहेत आणि दोघांकडे अर्धा-अर्धा कप आहे," भाचा म्हणाला, "आणि तरी तुम्हाला बोलच पाहिजे."

दादा काही बोलला नाही, अजून एक चहा मागवला.

संध्याकाळी कॉटन बोल, ओहायो स्टेट विरुद्ध मिझुरी. ओहायो स्टेट हरणं हा मिशिगनवाल्यांसाठी सण असतो आणि ते १४-३ हरले, पण खरं सांगू, मजा येईना. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, महिन्याच्या सुरुवातीलाच कॉलेज बदलायला निघून गेलेला, स्टार रिसीव्हर मार्विन हॅरिसन ज्युनियर खेळलाच नाही, पुढे एनएफएलमध्ये, म्हणजे पैशाच्या व्यावसायिक लीगमध्ये, जायचंय तर कशाला पाय मोडून घ्या. आणि त्याला नावं ठेवायची पण सोय नाही. मिशिगनचा जेक बट आठवतो का, २०१६ च्या ऑरेंज बोलमध्ये गुडघा गेला आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएलच्या खेळाडू निवडीत, पाचव्या राउंडपर्यंत घसरला, म्हणजे किती पैशांचं नुकसान झालं असेल विचार करा. त्याच वर्षी फोर्नेट आणि मॅकॅफ्री हे दोन स्टार खेळाडू आपापला बोल सोडून घरी बसले आणि तेव्हापासून ही पद्धतच पडली. पूर्वी पोरं बोल म्हणजे बक्षिसाची सहल समजायची. आता प्लेऑफ सोडून बाकी सगळं म्हणजे टाइमपास असं त्यांनाच वाटतं, तर बघणाऱ्याने काय करायचं.

३० डिसेंबर, शनिवार, पासाडेना आणि परत

सकाळी रोझ बोलजवळच्या मोठ्या शेडमध्ये परेडचे फ्लोट सजवताना बघायला गेलो, त्याचं तिकीट असतं. नियम असा की फ्लोटचा दिसणारा प्रत्येक इंच नैसर्गिक वस्तूने झाकलेला पाहिजे, फुलं, पानं, सालं, बिया, काहीपण, पण रंग मारायचा नाही. शेकडो व्हॉलंटियर, त्यात शाळेतली पोरं, म्हाताऱ्या बायका, सगळे मचाणावर चढून गोंद लावून एकेक पाकळी चिकटवतायत. नाजूक फुलं पाण्याच्या छोट्या नळीत खोचून लावतात म्हणजे सोमवारपर्यंत टिकतील. वहिनीला एका ठिकाणी तांदूळ आणि नारळाचा कीस दिसला, दुसरीकडे राजमा, तर ती आणि बायको तिथून हलेचनात. फुटबॉलवाल्या आम्हा तिघांना ओढत ओढत बाहेर यावं लागलं कारण एक वाजता ऑरेंज बोल.

आता ही मॅच नीट सांगितली पाहिजे, कारण सगळ्या वादाची गाठ इथे आहे.

फ्लोरिडा स्टेट यंदा १३-०. आपल्या कॉन्फरन्सचं विजेतं. म्हणजे त्यांच्या हातात जेवढं होतं तेवढं सगळं केलं. पण नोव्हेंबरमध्ये त्यांचा क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय मोडला. ३ डिसेंबरला प्लेऑफच्या टीम निवडणाऱ्या कमिटीने चार नावं काढली, मिशिगन, वॉशिंग्टन, टेक्सस, अलाबामा. फ्लोरिडा स्टेट पाचवं. कारण काय, तर क्वार्टरबॅकशिवाय ही टीम पहिल्यासारखी राहिली नाही. मोठ्या कॉन्फरन्सची एकही मॅच न हरलेली विजेती टीम चारच्या प्लेऑफमधून बाहेर, हे पहिल्यांदाच झालं. आणि मी मिशिगनवाला असून सांगतो, हे मला पटलेलं नाही, मैदानात जिंकलेल्याला टेबलावर हरवलं.

मग त्यांना ऑरेंज बोल दिला, समोर जॉर्जिया, जे अलाबामाशी कॉन्फरन्स फायनल हरून सहाव्यावर गेलेलं. फ्लोरिडा स्टेटची दोन डझनांहून जास्त पोरं खेळलीच नाहीत, कोणी ड्राफ्टसाठी, कोणी कॉलेज बदलायला, कोणी दुखापत. स्कोअर झाला ६३-३. साठचं अंतर. बोलच्या इतिहासात एवढी मोठी हार कोणाची झालेली नाही. आम्ही हाफटाइमलाच आवाज बंद केला आणि जेवायला बसलो.

भाचा म्हणाला ह्यासाठीच बारा टीमचा प्लेऑफ पाहिजे, पुढच्या वर्षी येतोच आहे. फ्लोरिडा स्टेट आत गेलं असतं, जॉर्जिया गेलं असतं, सगळे खेळले असते, हरले असते तर मैदानात हरले असते.

दादा म्हणाला अरे पण ह्या पोरांना ऑरेंज बोल फालतू वाटायला लागला तोच मुळात प्लेऑफमुळे. पूर्वी १३-० वाली टीम मायामीला जाऊन जॉर्जियाशी खेळते म्हणजे महिनाभर झोप लागली नसती कोणाला. तुम्हीच तीन मॅचना सोन्याचा मुलामा दिला आणि बाकीच्या चाळीस पितळ झाल्या.

दोघांचं बरोबर होतं हाच प्रॉब्लेम. मी वरणभात कालवत बसलो.

३१ डिसेंबर, रविवार, पासाडेना

आज नुसतं फिरायचं. स्टेडियम बाहेरून बघितलं, अरोयो सेको म्हणून खोलगट दरी आहे तिच्यात बसवलंय, १९२२ चं बांधकाम, मागे सॅन गॅब्रिएलचे डोंगर. शेजारी गोल्फ कोर्स आहे तेच उद्याचं पार्किंग, हिरवळीवर सरळ गाड्या लावतात.

तिथे एक सत्तरीचे मिशिगनवाले काका भेटले, १९७३ ची गोष्ट सांगायला लागले. मिशिगन आणि ओहायो स्टेट दोघंही तोवर न हरलेले, शेवटची मॅच १०-१० बरोबरी, मग पासाडेनाला कोण जाणार हे बिग टेनच्या डायरेक्टरांनी मतदान करून ठरवलं, ओहायो स्टेट. मिशिगन एकही मॅच न हरता घरी, कारण तेव्हा बिग टेनमधून फक्त एकच टीम बोलला जायची, दुसऱ्या कुठल्या बोलला परवानगीच नव्हती, ती १९७५ पासून मिळाली. त्यांचा कोच बो शेमबेक्लर शेवटपर्यंत हे विसरला नाही म्हणतात. काका पण विसरलेले नव्हते, आवाज चढला होता. मी दादाकडे बघितलं. म्हणजे तुमच्या सोन्याच्या काळात पण टेबलावरच ठरायचं की रे.

दादाची खरी जखम मात्र वेगळी आहे. पॅक-१२, म्हणजे पश्चिम किनाऱ्याची कॉन्फरन्स, फुटली. यूएससी आणि यूसीएलएने २०२२ मध्ये सांगून टाकलं आम्ही बिग टेनमध्ये जातो, यंदा ऑगस्टमध्ये ऑरेगन आणि वॉशिंग्टन पण निघाले, स्टॅनफर्ड आणि कॅल तर अटलांटिक किनाऱ्याच्या कॉन्फरन्सात, सगळं टीव्हीच्या पैशासाठी. पश्चिमेचा विजेता आणि मिडवेस्टचा विजेता ही जोडीच राहिली नाही. ह्याच वर्षी २ जानेवारीला पेन स्टेटने यूटाला ३५-२१ हरवलं तो त्या जुन्या पद्धतीचा शेवटचा रोझ बोल. (२ जानेवारी का, तर १ तारीख रविवारी आली की परेड आणि मॅच दुसऱ्या दिवशी, हा नियम १८९३ पासून, चर्चबाहेर बांधलेले घोडे बुजू नयेत म्हणून. घोडे गेले, नियम आहे.) म्हणजे बोल प्लेऑफने मारले म्हणावं तर तेवढंच खरं नाही, टीव्हीने आधीच बरंचसं काम केलं होतं.

रात्री कोलोराडो बुलेव्हार्ड. परेडच्या आदल्या दुपारपासून फुटपाथवर जागा धरायला परवानगी असते, लोक गाद्या, खुर्च्या, शेगड्या घेऊन येतात, आणि रात्री अकराला सगळ्यांना पुढे रस्त्यावरच्या निळ्या रेषेपर्यंत सरकायला मिळतं. अकरा वाजले आणि अख्खा रस्ता आपापली गादी ओढत पुढे धावला, काय दृश्य होतं. पोरं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर टॉर्टिया फेकतात, का ते कोणी सांगू शकलं नाही, आमच्या काचेवर पण एक चिकटली. आम्ही झोपायला घरी आलो, एवढा उत्साह नाही.

१ जानेवारी २०२४, सोमवार

चारला उठलो. वहिनीने तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं बांधून दिलं. थंडी होती पण मिशिगनवाल्यांना काय त्याचं.

आठला परेड. आधी आभाळातून बी-२ विमान गेलं, काळं, चपटं, आवाज नंतर. मग बँड, घोडे, आणि ते फ्लोट, जे परवा आम्ही अर्धवट बघितले होते ते आता पूर्ण. यंदाचा विषय संगीत होता. मिशिगन आणि अलाबामा दोघांचे बँड चालत गेले, साडेपाच मैल वाजवत. अलाबामाचे लाल कपडेवाले एक आजोबा आमच्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, बायकोने त्यांना पुरी दिली, त्यांना तिखट लागली पण खाल्ली. मला हे सगळं बघताना राहून राहून वाटत होतं की आत्ता इथे कोणालाच सेमीफायनल आठवत नाहीये.

दुपारी दोनला मॅच. आत ९६ हजारांवर माणसं. ऊन, हिरवं गवत, मधोमध गुलाब रंगवलेला. पहिल्याच पासवर आमचा क्वार्टरबॅक मॅकार्थीने बॉल अलाबामाच्या हातात दिला असं वाटलं, माझा जीव गेला, मग रिप्लेत झेलणाऱ्याचा पाय रेषेबाहेर निघाला. थोड्या वेळाने आमच्या पोराने आलेला पंट, म्हणजे लाथ मारून लांब पाठवलेला बॉल, हातातून सोडला आणि त्यावर अलाबामाचा टचडाऊन, आपला गोल म्हणा. पुढे आमच्या टचडाऊननंतरचा सोपा एक पॉइंट पण आम्ही घालवला. तरी हाफटाइमला १३-१० पुढे.

तिसऱ्या क्वार्टरला मिशिगनचं काहीच चालेना. त्याच सुमाराला डोंगर आधी सोनेरी, मग गुलाबी, मग जांभळे व्हायला लागले, रोझ बोलचा हा सूर्यास्त प्रसिद्ध आहे, टीव्हीवाले दरवर्षी दाखवतात, आणि म्हणूनच रोझ बोलवाल्यांनी दुपारी दोनची वेळ एवढी घट्ट धरून ठेवली होती, बारा टीमच्या प्लेऑफला होकार द्यायला २०२२ च्या नोव्हेंबरअखेरपर्यंत ताणलं. मी डोंगर बघू की स्कोअरबोर्ड. स्कोअरबोर्डवर अलाबामा २०, मिशिगन १३, आणि साडेचार मिनिटं उरलेली.

मग आमची ती ड्राइव्ह, म्हणजे सलग चढाई. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, दोन यार्ड हवेत, नाही मिळाले तर संपलं, मॅकार्थीने आमच्या कोरमला बॉल दिला आणि तो सुटला. १ मिनिट ३४ सेकंद उरले असताना रोमन विल्सनने टचडाऊन पकडला, २०-२०. भाचा स्टुडंट सेक्शनमध्ये पलीकडे होता, त्याचा मला फोन, पण दोघांना एकमेकांचं काही ऐकू येईना, नुसते ओरडत होतो. आणि वेळ संपता संपता आमच्या पोराने परत एकदा पंट हातातून सोडला, स्वतःच्या गोललाइनीजवळ, कसाबसा एक यार्डावर धरला. बायको, जिला फुटबॉल अजून नीट कळत नाही, ती मला म्हणाली, "अहो ह्यांना झेलायला शिकवत नाहीत का?"

ओव्हरटाइम. कोरम दोन वेळा पळाला, दुसऱ्यांदा १७ यार्ड, आत. अलाबामा तीन यार्डांपर्यंत आलं, चौथा डाऊन, शेवटचा. त्यांचा क्वार्टरबॅक मिलरो सरळ मधोमध घुसला आणि लाइन त्याच्यावर कोसळली. २७-२०.

पुढे मी काय केलं ते मला नीट आठवत नाही, अनोळखी लोकांना मिठ्या मारल्या एवढं नक्की. अलाबामाचा कोच निक सेबनची ती शेवटची मॅच ठरली, नऊ दिवसांनी तो निवृत्त झाला, तेव्हा तिथे बसलेल्या कोणालाच माहीत नव्हतं. दादा टीव्हीवर घरी बघत होता, त्याचा मेसेज आला, "अभिनंदन. हे प्लेऑफ नसतं तरी एवढंच नाचला असतात."

पार्किंगमधून बाहेर पडायला एवढा वेळ लागला की शुगर बोलचा, म्हणजे दुसऱ्या सेमीफायनलचा, शेवट घरी पोहोचून बघितला. वॉशिंग्टन ३७, टेक्सस ३१. म्हणजे फायनल वॉशिंग्टनशी, ८ जानेवारीला ह्यूस्टनला.

२ जानेवारी, मंगळवार, परत

आणि इथे मला ते जाणवलं जे चार दिवस दोघं भांडत होते तरी माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. सकाळी विमानतळावर सगळे पिवळे-निळे, काल रोझ बोल जिंकलेले, १९०२ पासूनचा मान, आणि एकजण कालच्या मॅचबद्दल बोलत नव्हता. सगळे फोनवर ह्यूस्टनचं विमान बघतायत. केवढ्याला आहे, हॉटेल मिळतंय का, तिकीट किती. ते सत्तरीचे काका पण दिसले, म्हणाले माझं बजेट एका ट्रिपचं होतं. जन्मभर पासाडेनाला पंढरपूर मानलेल्या माणसाला कोणीतरी सांगत होतं की ही वाखरी आहे, पुढे चला. पुढच्या वर्षीपासून तर बारा टीम, फायनलपर्यंत जाणाऱ्याला तीन किंवा चार मॅच, एका महिन्यात एवढं फिरणार कोण? पोरांच्या गुडघ्यांचा हिशोब वेगळाच.

भाच्याला विचारलं जायचंय का ह्यूस्टनला. म्हणाला पैसे देतोस का. म्हटलं नाही. मग म्हणाला, घरीच बघू.

घरीच बघितली. ३४-१३. पूर्ण कप, ह्या वेळी अर्धा नाही, आणि हे फक्त प्लेऑफ होता म्हणूनच, नाहीतर परत मतदान, परत भांडण. भाचा बरोबर होता, मी त्याला तसं सांगितलं पण.

नंतरचं

हे सगळं लिहायचं राहून गेलं होतं, मधे एक सीझन झाला म्हणून जोडतो. बारा टीमवाला प्लेऑफ आला. पहिली फेरी कॉलेजांच्या स्वतःच्या मैदानांवर ठेवली, ती कल्पना मला मनापासून आवडली, डिसेंबरच्या थंडीत घरच्या पोरांसमोर मॅच, लांब प्रवास नाही. पण पुढचं बघा. ३० नोव्हेंबर २०२४ ला मिशिगनने ओहायो स्टेटला त्यांच्याच मैदानात १३-१० हरवलं. पूर्वी ह्यावर त्यांचं वर्ष संपलं असतं, हीच तर ह्या मॅचची जान होती. आता? आठव्या नंबरवर प्लेऑफमध्ये आले, आणि १ जानेवारी २०२५ च्या रोझ बोलमध्ये ऑरेगनला ४१-२१ लोळवलं. ऑरेगन तोवर १३-०, आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनीच ओहायो स्टेटला ३२-३१ हरवलं होतं, पण ती मॅच मोजायची नाही, ही मोजायची. दोन्ही टीम बिग टेनच्या, रोझ बोलमध्ये. दादा त्या दिवशी परेड बघून मॅचच्या आधी घरी निघून आला. २० जानेवारीला ओहायो स्टेट चॅम्पियन, नॉत्र दामला ३४-२३ हरवून.

माझं मत विचाराल तर चार टीम थोड्या कमी पडत होत्या, बारा जास्त होतात, सहा-आठवर थांबावं, सगळ्या फेऱ्या घरच्या मैदानांवर खेळवाव्यात फायनल सोडून, आणि रोझ बोल वगैरे मोकळे करून त्यांचे त्यांना परत द्यावेत, कोणाला बोलवायचं ते त्यांनी बघावं. टीव्हीवाले हे होऊ देणार नाहीत ते मला माहितीये.

मिशिगन त्या वर्षी बारात नव्हतंच. त्यांना मिळाला टॅम्पाचा रिलायाक्वेस्ट बोल, ३१ डिसेंबर २०२४, आणि समोर कोण, तर परत अलाबामा. बरीच मोठी पोरं खेळली नाहीत, कप नाही, पुढची फेरी नाही, म्हणजे भाच्याच्या भाषेत अर्थ नसलेली मॅच. भाचा आता नोकरी करतो, त्या दिवशी त्याला सुट्टी नव्हती, त्याने आजारी आहे सांगून घेतली. १९-१३ जिंकल्यावर त्याने पहिला फोन मला नाही, दादाला केला.